पत्ता बदलला आहे

पिनकोड आपण रोज लिहितो, पण त्याच्याकडे नीट बघत मात्र नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत आपल्या देशात सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. मराठी माणूस, टपाल खात्यातला मोठा अधिकारी आणि वर संस्कृतचा पंडित. ४११०३० घ्या. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा सगळा टापू. दुसरा आकडा त्यातला उपविभाग, तिसरा सॉर्टिंगचा जिल्हा आणि उरलेले तीन म्हणजे नेमकं पोस्ट ऑफिस, इथे सदाशिव पेठ. पत्र वाचणाऱ्याला 'सदाशिव पेठ' वाचता आलं नाही तरी चालतं. आकडा डावीकडून एकेक वाचत जायचं आणि थैली पुढे ढकलायची.

आता तुम्ही म्हणाल, हिला आज टपाल खातं कुठून आठवलं? तर मंडळी, गेले काही महिने मी संध्याकाळी घरी बसून नेमकं हेच काम करत होते. फक्त पत्रांच्या जागी वेबपानं होती. घरातल्या बऱ्याच जणांनी विचारलं, "काय गं करत असतेस एवढं?" प्रत्येकाला फोनवर समजावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. तांत्रिक मंडळींनी सोप्या भाषेबद्दल माफ करावं आणि नातेवाइकांनी अवघड शब्दांबद्दल :)

तुम्ही ब्राउझरमध्ये एखादा पत्ता टाकता, म्हणजे यूआरएल. त्यातला पहिला भाग (अमुकतमुक डॉट कॉम) तुम्हाला योग्य सर्व्हरच्या दारात आणून सोडतो. तिथून पुढच्या तिरप्या रेघांमधल्या भागाचं काय करायचं हे त्या सर्व्हरवरचा प्रोग्राम ठरवतो. '/अंक/१९८४/' आलं तर त्या वर्षाची यादी दाखव, '/लेखक/' आलं तर लेखकांची. ही जी जुळवाजुळव, तिला म्हणतात राउटिंग. जँगो, रेल्स, लाराव्हेल अशी जी वेब फ्रेमवर्क आहेत त्या सगळ्यांत याची एक वेगळी फाइल असते. वरून खाली वाचत जायचं आणि जो नमुना पहिल्यांदा जुळेल त्याच्याकडे काम सोपवायचं. वेलणकरांचीच पद्धत, जरा वेगळ्या कपड्यांत.

मी वापरते ते जँगो. याचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड नावाच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला आणि २००५ च्या जुलैत ते सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यामुळे त्याच्या अंगात छापखान्याचे गुण आहेत. पत्त्यात बातमीचं जे छोटं नाव येतं त्याला जँगोत 'स्लग' म्हणतात, तो शब्दही वर्तमानपत्राच्या कचेरीतलाच. म्हणून मासिकाच्या कामाला ते बरं पडेल असं मला वाटलं.

हो, मासिक. बाबांचे एक मित्र आहेत, आम्ही त्यांना लहानपणापासून काका म्हणतो. ते एक छोटं मासिक चालवायचे. छापील अंक बंद झाला, पण जुने अंक त्यांनी हौसेने टाइप करून घेऊन २००९ मध्ये वेबसाइटवर चढवले. कथा, गावांची माहिती, पाककृती, मृत्युलेख, सगळं. खर्च काकांचा स्वतःचा.

पुढे २०१६ मध्ये एका कंपनीने त्यांना 'नवी, मोबाइलवर छान दिसणारी' साइट करून दिली. दिसायला खरंच छान होती. पण करताना त्यांनी सगळ्या लेखांचे पत्ते बदलले आणि जुने पत्ते नव्यांना जोडायचे राहूनच गेले. लेख सगळे जागेवर होते, पण जुन्या पत्त्याने गेलं की '४०४, पान सापडत नाही'.

यात आमच्या आत्याचं काय बिघडलं ते सांगते. आतोबांनी त्या मासिकात गावच्या विहिरींवर एक लेख लिहिला होता. कोणत्या विहिरीला किती पायऱ्या, कुठलं पाणी गोड, कुठली कोणी बांधली असं सगळं. लेखक म्हणून त्यांचं छापून आलेलं तेवढंच. ते गेल्यावर आत्याने जी छोटी स्मरणिका काढली तिच्या शेवटच्या पानावर या लेखाचा पत्ता छापला होता. दीडशे प्रती वाटल्या. आत्या स्वतः तो पत्ता डायरीतून बघून एकेक अक्षर टाइप करायची आणि लेख वाचायची. शोधून वगैरे काढणं तिला जमत नाही आणि जमवायचंही नाही. एके दिवशी पान उघडेना. दुसऱ्या दिवशीही उघडेना. मग तिने मला फोन केला तो असा, "त्यांचं लिखाण काढून टाकलं का गं त्यांनी? बरोबर आहे म्हणा, किती वर्षं ठेवतील."

तिला राग नव्हता आला. तिने ते मान्य करून टाकलं होतं, आणि मला वाईट वाटलं ते त्याचं. लेख तिथेच होता हो! फक्त दारावरची पाटी बदलली होती आणि जुन्या दारावर 'पत्ता बदलला आहे' असं लिहायला कोणाला सुचलं नव्हतं.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच यावर एक टिपण लिहून ठेवलंय, चांगला पत्ता बदलत नसतो अशा अर्थाचं. पत्ता ठरवतानाच विचार करा, त्यात लेखकाचं नाव, विषय, फाइलचा प्रकार असलं काही घालू नका, कारण या गोष्टी पुढे बदलतात. निर्मितीची तारीख घातलीत तर ती बदलणार नाही, असा त्यांचा सल्ला. आणि ज्या सर्न संस्थेत वेब जन्माला आलं तिने २०१३ मध्ये जगातली पहिली वेबसाइट पुन्हा तिच्या मूळ पत्त्यावर आणून ठेवली. जिनिव्हाजवळच्या त्या मोठ्या प्रयोगशाळेला जे महत्त्वाचं वाटलं तेच आत्याला वाटत होतं.

तर काकांना म्हटलं, मी करून देते. काकांची अट एकच. "हे बघ, मला दर वेळी तुला फोन करायला लावू नकोस. पत्ता बदलायचा तर मला बदलता आला पाहिजे." अट रास्त होती, पण सगळी गंमत तिथेच सुरू झाली.

कारण राउटची फाइल हा प्रोग्रामचा भाग असतो. काकांना दिवाळी विशेषांकाचं नवं पान काढायचं असेल तर कोणीतरी ती फाइल उघडून ओळ वाढवणार, सर्व्हर पुन्हा सुरू करणार. म्हणजे फोन आलाच. मग मनात येतं की पत्ते डेटाबेसच्या तक्त्यात ठेवावेत आणि प्रोग्राम सुरू होताना तिथून वाचून राउट तयार करावेत. ऐकायला छान आहे, पण दोन ठिकाणी अडतं. एक, जँगो ती राउटची यादी सुरू होताना एकदाच वाचतं आणि डोक्यात ठेवतं. वर सर्व्हरवर एकाच प्रोग्रामच्या तीनचार प्रती चालू असतात आणि प्रत्येकीची यादी वेगळी. काकांनी नवा पत्ता घातला तर तो त्यातल्या एकीलाही आपोआप कळत नाही. दोन, नव्या मशीनवर साइट पहिल्यांदा उभी करताना तो तक्ताच अजून तयार नसतो, मग नसलेला तक्ता वाचायला गेलेला प्रोग्राम दारातच धडपडतो.

यावरचा उपाय अनुभवी मंडळींना माहीतच आहे. फाइलमधले पक्के राउट आहेत तसे राहू द्यायचे (शोध, अंकांची यादी, काकांची कामाची खोली म्हणजे अ‍ॅडमिन) आणि सगळ्यात शेवटी एकच ओळ घालायची, जी काहीही आलं तरी पकडते. वरच्या कोणालाच न जुळलेला पत्ता तिच्या हातात पडतो आणि ती त्याच क्षणी तक्त्यात बघते, हा पत्ता कोणाचा. विचारणा दर वेळी ताजी, त्यामुळे काकांनी बदल केला की लगेच दिसतो. रोज तेच तेच पत्ते विचारले जातात म्हणून उत्तरं थोडा वेळ कॅशमध्ये ठेवायची आणि काकांनी 'जतन करा' दाबलं की तेवढं उत्तर पुसायचं. बस.

ती ओळ शेवटीच हवी बरं का. वर गेली तर सगळंच गिळेल. आणि याची उलट बाजूही आहे. काकांनी उद्या एखाद्या पानाला 'शोध' असा पत्ता दिला तर ते पान कधीच दिसणार नाही, कारण वरचा पक्का 'शोध' आधी पकडणार. काकांना वाटणार, साइट बिघडली. म्हणून त्यांनी पत्ता लिहिला की जतन करण्याआधी प्रोग्राम जँगोलाच विचारतो, 'हा पत्ता सध्या कोणाकडे जातो?' उत्तर शेवटच्या ओळीचं नसेल तर काकांना सरळ मराठीत सांगतो की हे नाव आधीच घेतलेलं आहे, दुसरं निवडा.

तक्ता अगदी साधा आहे. पत्ता, तो कुठल्या पानाचा आणि तो आजचा आहे की जुना. नियम एकच, यातून ओळ पुसायची नाही. पत्ता बदलला की नवी ओळ येते आणि आधीची 'जुनी' होते. जुन्या पत्त्याने कोणी आलं की त्याला ३०१ हा आकडा देऊन नव्या पत्त्यावर पाठवायचं. ३०१ म्हणजे 'कायमचे स्थलांतर'. ब्राउझर हे लक्षात ठेवतात, म्हणून मनात नक्की नसेल तोवर ३०२, म्हणजे तात्पुरतं. लेखकाने स्वतःच लेख काढायला सांगितला तर ४१०, म्हणजे 'होतं, पण आता नाही'. ४०४ आणि ४१० मधला फरक मला फार आवडतो. पहिल्यात 'असं कोणी इथे राहत नाही' आणि दुसऱ्यात 'राहायचे, गेले'. शेजारी निदान एवढं सांगतो ना!

काकांचा स्वभाव माहीत असल्यामुळे एक गोष्ट आधीच करून ठेवली. ते नाव बदलतात आणि मग पुन्हा पहिलंच बरं म्हणतात. म्हणजे जुन्याकडून नव्याकडे आणि नव्याकडून जुन्याकडे, ब्राउझर बिचारा गरगर फिरत राहणार. म्हणून जुनी ओळ दुसऱ्या पत्त्याकडे बोट दाखवत नाही, थेट पानाकडे दाखवते. त्या पानाचा आजचा पत्ता कोणता हे त्या वेळी बघायचं. पत्ता दहा वेळा बदलला तरी एकाच उडीत माणूस पोचतो. आणि जुना पत्ता परत आजचा झाला तर नवी ओळ न घालता तीच ओळ पुन्हा 'आजची' करायची.

आता मराठीची गंमत. लेखाच्या नावावरून पत्ता करायला जँगोत एक तयार फंक्शन आहे, स्लगिफाय. त्याला 'दिवाळी २०१२' दिलंत तर सरळ वापरात ते रोमन सोडून सगळं टाकून देतं आणि मागे काहीच उरत नाही. (आकडे इंग्रजी असतील तर तेवढे वाचतात.) २०१५ च्या १.९ आवृत्तीपासून त्याला 'युनिकोड चालेल' असं सांगता येतं. मी सांगितलं. आणि 'आमच्या गावच्या विहिरी'चं झालं 'आमचय-गवचय-वहर'!

कारण असं की अक्षर कशाला म्हणायचं याची पायथॉन भाषेची व्याख्या मात्रांना मोजत नाही. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायची खूण ही युनिकोडच्या हिशेबात 'मार्क', म्हणजे जोडखुणा. अक्षर नाही म्हणून गाळल्या. त्यामुळे 'पुणे'चंही 'पण' होतं आणि 'पाणी'चंही 'पण'. पुण्याचं पाणी असा लेख असेल तर बघायलाच नको. यावर मी आपलं छोटं फंक्शन लिहिलं, जे जोडखुणा ठेवतं. पुढे लक्षात आलं की जँगोच्या राउटमधला 'स्लग' नावाचा नमुनाही फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि आडव्या रेघा ओळखतो, म्हणून तोही आपलाच लिहावा लागला. शिवाय 'तऱ्हा' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, एकदा खालच्या टिंबाच्या ऱ ने आणि एकदा न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना एकच, मशीनला दोन. तेही आधी एकसारखं करून घ्यायचं.

एवढं करून देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की बहुतेक वेळा टक्क्यांच्या खुणांची माळ होते. देवनागरीतलं एक चिन्ह म्हणजे ३ बाइट आणि प्रत्येक बाइटची तीन अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला ९. 'पुणे' या चार चिन्हांच्या शब्दाची ३६! आत्या हे डायरीत कसं लिहिणार? रोमनमध्ये लिहावं तर 'विहीर'ला व्ही की डब्ल्यू, 'ळ'ला काय, यावर प्रत्येक घरात वेगळं मत. काकांच्या आणि माझ्यातच तीन दिवस वाद झाला.

शेवटी ठरलं ते असं. पत्त्यात अंकाचं वर्ष आणि लेखाचा क्रमांक, एवढंच महत्त्वाचं. त्यापुढे मराठी नाव असतं, पण ते शोभेचं. स्टॅक ओव्हरफ्लो या साइटवर असंच आहे, प्रश्नाचा क्रमांक बरोबर असला की पुढचं नाव चुकलं तरी पान उघडतं. म्हणजे आत्या वर्ष आणि क्रमांक लिहील, बाकीचे पूर्ण पत्ता चिकटवतील, दोघं एकाच पानावर. फिरता तक्ता मग दोन गोष्टींना राहिला. विशेषांकांसारखी काकांची पानं आणि सगळे जुने पत्ते.

जुने पत्ते मिळवायचे कुठून हा खरा प्रश्न होता. २००९ च्या साइटवर प्रत्येक लेखाच्या पत्त्यात प्रश्नचिन्ह आणि पुढे आयडी होता, आणि तो डेटाबेस कंपनीने ठेवला नव्हता. काही पत्ते इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडले, सगळे नाही. काका म्हणाले, "थांब, वही आहे." टाइप करणाऱ्या मुलीने तेव्हा एका दोनशे पानी वहीत आयडी, लेखाचं नाव, अंक असं सगळं लिहून ठेवलं होतं, निळ्या पेनने, सुवाच्य अक्षरात. बॅकअप म्हणतात तो हा.

जँगोत जुन्याकडून नव्याकडे पाठवण्याची तयार सोय आहे, प्रश्नचिन्हासकट पत्ता जुळवते. पण पत्ता शब्दशः तोच लागतो. फेसबुकवरून कोणी आलं की फेसबुक मागे स्वतःचं एक शेपूट जोडतं आणि जुळणी फसते. म्हणून मी त्यातला फक्त आयडी काढून घेते, बाकी शेपटं सोडून देते. काकांनी रोज सकाळी चहानंतर वही उघडून वीसपंचवीस ओळी भरायचा नेम केला. मी त्यांना आदल्या दिवशी आलेल्या ४०४ ची यादीही दाखवते, जास्त वेळा ठोठावलं गेलेलं दार वर. ती यादी बघून काका हरखलेच. "अगं, ही माणसं अजून येतायत!" दहा वर्षं बंद दारावर कोणीतरी टकटक करत होतं आणि यांना वाटत होतं की मासिक कोणी वाचत नाही. एका पाककृतीला तर रोज दोघंतिघं यायचे. तिचं दार त्यांनी वहीचा क्रम सोडून आधी उघडलं.

विहिरींचा लेख वहीत तेराव्या पानावर होता. ओळ काकांनी स्वतः भरली आणि मला सांगितलं नाही. त्यांनी आत्याला फोन केला, "वहिनी, डायरीतला पत्ता टाकून बघा." पुढचं मला आत्याकडून कळलं. तिने पत्ता टाकला, पान उघडलं, आणि तिने पहिलं काय केलं तर स्मरणिका शोधून शेवटचं पान बघितलं की छापलेला पत्ता हाच ना. मग म्हणाली, "म्हणजे आता त्या दीडशे प्रती परत खऱ्या झाल्या."

आता उरलेली गोष्ट, आणि ती मी खास घरच्यांसाठी लिहितेय. एवढा तक्ता, एवढ्या ओळी, पण सगळं उभं आहे ते डॉट कॉमच्या नावावर, आणि ते नाव विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं भाडं भरता येतं. ते काकांनी भरलंय. सर्व्हरचे पैसे मात्र दरवर्षी. काका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आत्याने परवा आपल्या घरच्या ग्रुपवर विचारलं, "दहा वर्षांनी कोण भरणार?" आणि त्यावर सगळे गप्प. दोन अंगठे आले फक्त.

तर भावंडांनो, पासवर्ड मी एका लिफाफ्यात घालून आईच्या कपाटात ठेवलाय, काकांच्या संमतीने. वहीची झेरॉक्सही त्यातच आहे. नाव भरायची तारीख लिफाफ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलीय. मी विसरले तर तुमच्यापैकी कोणीतरी आठवण करा.

आणि बाकीच्या मंडळींनो, तुमच्याही घरात एखादी स्मरणिका, एखादी पत्रिका असेलच जिच्यावर कुठलातरी पत्ता छापलाय. एकदा उघडून बघा बरं, चालतोय का.